टेबलासाठी ठेवलेलं इंजिन

गाडी चिखलात रुतली की माणूस देवाचं नाव घेतो, नाहीतर शिव्या देतो, अशी माझी समजूत होती. गंगापूर रोडच्या मंडळींनी ती मोडली. ही मंडळी रविवारी सकाळी पोहे खाऊन, टोप्या घालून, मुद्दाम रुतायला जातात. रुतले की टाळ्या वाजवतात. बाहेर निघाले की गाडी परत त्याच खड्ड्यात घालतात. याला छंद म्हणतात. या छंदाला जुनी जीप लागते आणि जुन्या जीपमध्ये ट्रकचं इंजिन लागतं. ते बसवायचा उद्योग माझा धाकटा भाऊ रवी करतो. त्याच्या पापात माझा वाटा एका रिंगेचा.

एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सला जोडायचं तर दोघांची भोकं जुळत नाहीत. मध्ये लोखंडाची जाड रिंग लागते, एका बाजूने इंजिनाच्या मापाची, दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सच्या. ती मी लेथवर काढते. माप घ्यायला इंजिनाच्या तोंडाला ग्रीस फासायचं आणि मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्यावर दाबायचा. सगळी भोकं पुठ्ठ्यावर उठतात. नाशकात कॉम्प्युटरवर माप घेणारेही आहेत. त्यांच्या रिंगा माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

सातपूरला आमचा गाळा आहे. पुढे रवीचं गॅरेज, मागे माझा लेथ. मी या धंद्यात आले ती झाडू घेऊन, एका वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चुरा झाडायला. चुरा कुठून पडतो ते बघता बघता लेथ शिकले. शिकवलं कुणीच नाही, ओरडले मात्र सगळे. खंडेनवमीला शेजारचे गाळेवाले यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात. मी माझ्या लेथला तेल घालते आणि बाबासाहेबांच्या तसबिरीची काच पुसते. लेथची अजून तक्रार आलेली नाही.

तर डॉक्टर विश्वेश. हे दातांना तारा लावणारे डॉक्टर. वय पंचेचाळीस, आणि मला बावन्न वर्षांच्या बाईला ‘मावशी’ म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एका मळेवाल्याकडून जुनी जीप घेतली. इंजिन चार सिलिंडरचं, डिझेलचं, इतकं जपलेलं की पहिल्या चावीला सुरू व्हायचं. हाच त्याचा गुन्हा ठरला.

“आवाजच नाही हो रवीभाऊ,” डॉक्टर म्हणाले. “सिग्नलला उभी राहिली तर कुणी वळून बघत नाही.”

“दात दुखला की बघतात की तुमच्याकडे,” मी लेथवरून म्हटलं.

“मावशी भारी बोलतात!” ते हसले. दात फार सुरेख.

त्यांच्या क्लबात कुणाकडे तरी चार सिलिंडरचं मोठं इंजिन होतं, म्हणून यांना सहाचं हवं होतं. रवी म्हणाला, “डॉक्टर, एवढं लांब इंजिन तुमच्या जीपच्या नाकात मावायचं नाही. थोडं मोठं चार सिलिंडरचं बसवू.” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही करू शकता, रवीभाऊ. क्लबात मी सगळ्यांना सांगितलंय, नाशकात एकच माणूस.” झालं. माझ्या भावाला ‘एकच माणूस’ म्हटलं की तो जीपमध्ये आगगाडीचं इंजिन बसवेल.

जुनं इंजिन काढून कोपऱ्यात ठेवलं. त्यावर डॉक्टरांनी मायेने हात फिरवला.

“याचं टेबल करायचंय,” ते म्हणाले. “हॉलमध्ये. आतलं सगळं काढून टाका, चकचकीत पॉलिश मारा, वर काच. चहाचं टेबल.”

“चालू इंजिनाचं?” मी विचारलं.

“मावशी, भावना असते. गाडीचं मूळ हृदय आहे ते.”

आठ महिन्यांत एवढी भावना. माझं लग्न आठ महिन्यांचं होतं तेव्हा मला नवऱ्याच्या चपलेचं मापही नीट ठाऊक नव्हतं.

हे सगळं चिमाजी ऐकत होता. चिमाजी कळवणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. त्याचीही तशीच जीप, त्याच कंपनीची, त्याच सालच्या आसपासची. पाड्यावरच्या बायका, भाजीच्या पाट्या, दहावीच्या पोरी, दवाखान्यात न्यायचं माणूस, हे सगळं कळवणला नेणं-आणणं हा त्याचा धंदा. घाटात पाणी संपून इंजिन तापलं आणि त्याच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव धडाला, बोटभर तडा गेला. गाडी टेम्पोवर घालून त्याने आमच्याकडे आणली. तेव्हापासून रवीने त्याला ‘बघू’ एवढंच सांगितलं होतं, कारण डॉक्टरांचं काम मोठं होतं.

डॉक्टर गेल्यावर चिमाजी माझ्याजवळ आला.

“ताई, आज एकवीस दिस झाले.”

“माहीत आहे.”

“आमच्या स्टँडचा कायदा ठाव हाय ना तुमाला? महिनाभर गाडी नंबराला लागली नाय, का नंबर दुसऱ्याचा. एक जण नवी गाडी घिऊन बसलाच हाय. रोज माझ्या जागेवर उभी करतो आन् म्हणतो, चिमाजीचीच जागा हाय, मी नुसता राखतोय.” त्याने कोपऱ्यातल्या इंजिनाकडे पाहिलं. “ते माझ्या गाडीला एका दिसात बसंल, ना?”

“एका दिवसात. रिंगसुद्धा लागणार नाही.”

“आन् ते त्याचा पाट करणार.”

“टेबल.”

“तेच. च्या प्यायचा पाट.”

मी डॉक्टरांना फोन केला. विकता का विचारलं. ते म्हणाले, “मावशी, पैशाचा प्रश्न नाही.” हे वाक्य ज्यांच्याकडे पैसे असतात तेच बोलतात. चिमाजीसाठी तसलं दुसरं इंजिन शोधायला मी मालेगावपर्यंत फोन फिरवले. मिळेना. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. आणि सोमवारी सकाळी इंजिन कापायला घ्यायचं, असं डॉक्टरांनी रवीकडून वदवून घेतलं होतं.

इकडे सहा सिलिंडरचं धूड जीपमध्ये उतरलं. माझी रिंग बरोबर बसली, ती बसतेच. पण इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर पुढच्या ॲक्सलच्या गोळ्यावर टेकलं. गोळा म्हणजे ॲक्सलच्या मधला तो लोखंडी भोपळा, ज्याच्या आतली चक्रं इंजिनाची फिरकी चाकांना वाटून देतात. या जीपला तो उजवीकडे असतो. चेंबर नेमकं तिथेच.

दोन दिवस रवी गाडीखाली पडून होता. मग डॉक्टरांनी त्याला परदेशातला एक व्हिडिओ पाठवला. त्यात दोन दाढीवाले गोळा उजवीकडून डावीकडे नेत होते. शेवट कसा झाला ते व्हिडिओत नव्हतं. बहुधा शेवट झाल्यावर दाढीवाल्यांनी तो टाकलाच नसेल. रवीने ॲक्सल सोडवला, उताणा केला, टोकं कापून परत वेल्डिंग मारलं, आणि गोळा डावीकडे आला. चेंबरला जागा मिळाली. शनिवारी दुपारी गाडी आपल्या पायावर उभी राहिली आणि रवीने कंपाउंडभर फिरवून आणली. आवाज असा, की शेजारच्या गाळ्याचा पत्रा थरथरला.

मी लेथ बंद करून त्या ॲक्सलकडे बघत बसले. काहीतरी खटकत होतं. गोळा उताणा केला म्हणजे त्याच्या पोटातलं मोठं चक्र इकडचं तिकडे गेलं. इंजिन पूर्वीसारखंच फिरणार, पण पुढची चाकं...

“रव्या,” मी म्हटलं, “ही आत्ता नुसत्या मागच्या चाकांवर चालली ना?”

“हो.”

“फोरव्हील टाकून बघितलंस?”

“उद्या टाकतील डॉक्टर. चिखलात.”

“पुढची दोन्ही चाकं उचल, फोरव्हील टाक आणि शाफ्ट हाताने फिरवून बघ. मला वाटतं पुढची उलटी फिरतील.”

रवी तीन दिवस धड झोपला नव्हता. त्याने हातातला पाना खाली आपटला. “ताई, तू तुझी रिंग बघ ना! व्हिडिओत बघूनच केलंय मी.”

मी जॅक उचलला होता. तो परत जागेवर ठेवला. आता सांगायला काय जातं, पण खरं तेच सांगते: मी रुसले. दोन मिनिटांचं काम होतं, मीच करू शकले असते. पण ‘तुझी रिंग बघ’ म्हटल्यावर माझ्यातली ताई गेली आणि बावन्न वर्षांची आडमुठी बाई उरली.

रविवारी सकाळी रवीच म्हणाला, “ताई, चल ना. रिंग कुणी काढली ते मला सगळ्यांना सांगायचंय.” त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला त्याची दया आली, म्हणून गेले. चिमाजीलाही घेतलं. गाळ्यावर बसून इंजिनाकडे बघण्यापेक्षा बरं.

गिरणाऱ्याच्या पुढे एक माळ. अकरा जिपा, तीस-चाळीस माणसं, कापडी मांडव, कॉफीचं यंत्र. पाऊस थांबून पंधरवडा झाला होता, जमीन कडकडीत. म्हणून यांनी पाण्याचा टँकर मागवला होता, चिखल करायला. चिमाजी टँकरवाल्याला विचारून आला.

“ताई, प्यायाचं पाणी म्हणं. हिरीचं.”

“गप बस.”

“गपच हाय. नुसतं सांगितलं.”

डॉक्टरांच्या जीपवर मोठ्या अक्षरांत ‘महारथी’ लिहिलं होतं. चाकांखाली चार लिंबं. त्यांच्या पत्नी यशश्री लांब खुर्चीत पुस्तक वाचत बसल्या होत्या. नवऱ्याचं लोखंडावरचं प्रेम त्यांनी बहुधा नशिबाचा भाग म्हणून स्वीकारलं होतं. रवीने खरोखरच दोघाचौघांना सांगितलं, “रिंग माझ्या बहिणीने काढलीय.” ते म्हणाले, “ओह, नाइस,” आणि कॉफी घ्यायला गेले.

महारथी गुरगुरत चिखलात शिरली. मध्यावर जाऊन रुतली. आता खरा खेळ. डॉक्टरांनी खिडकीतून सगळ्यांना हात केला, दुसरा दांडा ओढून फोरव्हील टाकलं आणि पाय दाबला.

मागची चाकं पुढे फिरली. पुढची मागे फिरली. जीप पुढेही गेली नाही, मागेही नाही. मधोमध दोन बैल एकमेकांकडे पाठ करून ओढावेत तशी थरथरली आणि जागच्या जागी खाली जाऊ लागली. चिखल दोन्हीकडून तिच्या टपावर. सहा सिलिंडर बोंबलतायत, काळा धूर गिरणाऱ्याच्या दिशेने चाललाय.

“आयायाय!” चिमाजी पुढे वाकला. “ताई, पुढची चाकं उल्टी...”

मी त्याचा दंड असा दाबला की वाक्य आतच राहिलं. कारण मी रवीकडे पाहिलं होतं. त्यालाही दिसलं होतं. इस्त्रीच्या शर्टातला माझा भाऊ पांढराफटक पडला होता, आठवीत नापास झाल्याचं घरी सांगायला आला होता तेव्हासारखा.

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. पुढच्या ॲक्सलला फिरकी देणाऱ्या शाफ्टचा सांधा तुटून चिखलात उडाला. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता रवीची अब्रू जाते.

आणि टाळ्या सुरू झाल्या.

“काय पॉवर आहे!” कुणीतरी ओरडलं.

“लोखंड तुटलं राव! टॉर्क बघ!”

“गाडीलाच झेपत नाहीये इंजिन!”

डॉक्टर कमरेपर्यंत चिखलात उतरले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू मुलगा झाला. तुटका सांधा वर धरून त्यांनी फोटो काढून घेतले. अकरा जिपांचे मालक, त्यांत तीन इंजिनियर, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही की पुढची चाकं घराकडे निघाली होती. चिमाजीला लांबून दिसलं. त्याचं पोट चाकांवर आहे.

डॉक्टर माझ्याकडे आले. “मावशी, बघितलंत?”

“बघितलं,” मी म्हटलं. आणि तेव्हा मला ते सुचलं. “एक बोलू का डॉक्टर? एवढ्या ताकदीच्या गाडीचे मालक तुम्ही, आणि तुमच्या हॉलात चार सिलिंडरच्या इंजिनाचं टेबल?”

त्यांचं हसू जरा कमी झालं. “म्हणजे?”

“क्लबातली माणसं घरी येणार. चहा ठेवताना मोजणार. एक, दोन, तीन, चार. पुढे?”

शेजारी उभा असलेला एक जण खुसकन हसला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“भंगार बाजारात सहा सिलिंडरचा एक मेलेला ब्लॉक पडलाय,” मी म्हटलं. “बसचा. मी स्वतः घासून देते. लांबीला तुमच्या सोफ्याएवढा भरेल.”

“सोफ्याएवढा?”

“थोडा जास्तच.”

पुस्तकातून डोकं वर न काढता यशश्रीबाई म्हणाल्या, “मुळात इंजिन हॉलमध्ये कशाला? तेल गळलं तर पुसणार कोण?”

“मेलेलं गळत नाही, बाई,” मी म्हटलं. “चालू इंजिन गळतं. ते तुमचं चार सिलिंडरचं आणलंत तर वर्षभर पुसत बसाल.”

आता त्यांनी पुस्तक मिटलं. “विश्वेश,” त्या म्हणाल्या, “मेलेलं आण.”

“पण ते मूळ हृदय...” डॉक्टर पुटपुटले. त्या आवाजात फारसा जीव नव्हता. मनात सहा मोजून झाले होते. “त्याचं मग काय करायचं?”

“हे चिमाजी नेतील,” मी म्हटलं. “बाजारात जो भाव असेल तो देऊन.”

चिमाजीने नमस्कार केला. डॉक्टरांनी चिखलाचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. “न्या. जपून चालवा हं, जुनं आहे.” पाड्याचा घाट वीस वर्षं चढणाऱ्या माणसाला हे सांगताना त्यांच्या मागे त्यांची महारथी खिडकीपर्यंत बुडाली होती. तिला शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने काढलं.

सोमवारी मी गाळ्यावर पोचले तर महारथीची पुढची चाकं हवेत होती आणि रवी जमिनीवर बसून शाफ्टचं उरलेलं टोक हाताने फिरवत होता. चाकं निमूटपणे मागे फिरत होती.

“ये ताई. बघ,” तो म्हणाला.

“काय बघू?”

“मी गाढव आहे ते.”

“ते मी तुला पाळण्यात असतानाच बघितलंय. डॉक्टरांना सांगितलंस?”

“सांगू?”

“सांग. चाकं हवेत आहेत तोवर सांग. रस्त्यावर कुणी पावसात फोरव्हील टाकलं तर टाळ्या वाजायच्या नाहीत.”

त्याने फोन लावला, माझ्यासमोर. “डॉक्टर, चूक माझी आहे. ॲक्सल उलटा बसलाय. पुढची चाकं मागे फिरत होती. ताकदीने नाही तुटलं, भांडणाने तुटलं. मी माझ्या खर्चाने तो सरळ करून देतो, पण मग सहा सिलिंडर मावणार नाही, जरा लहान बसवावं लागेल.”

रवीने फोन माझ्या कानाजवळ धरला.

“रवीभाऊ,” डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे आणखी कुणाला सांगितलंत का?”

“नाही.”

“सांगू नका. व्हिडिओ टाकलाय मी. खूप लोकांनी बघितलाय. तुम्ही काय ते आतल्या आत करा. लहान बसवा. बॉनेट मात्र उघडून दाखवू नका कुणाला. आणि आवाज तेवढा मोठा ठेवा.”

रवीने फोन ठेवला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग इतके हसलो की शेजारचा गाळेवाला विचारायला आला. हसता हसता रवीने डोळे पुसले आणि पाणी लवकर थांबेना, तेव्हा मी लेथकडे वळले. धाकटा भाऊ रडत असला की त्याच्याकडे बघू नये, त्याला आवडत नाही.

चिमाजीच्या जीपमध्ये ते इंजिन दुपारपर्यंत उतरलंही. बोल्ट न बोल्ट जागेवर. दोन्ही जिपांची कंपनी एक, भोकं एक, मला करायला काही नव्हतं. मी नुसती कपड्याने पुसत बसले. पहिल्या चावीला सुरू झालं. आवाज असा, की शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येतं. रवीने न सांगता चारी चाकं उचलली, फोरव्हील टाकून एकेक फिरवून बघितली, आणि मग गाडी खाली सोडली.

चिमाजी चालकाच्या जागेवर बसला. निघायच्या आधी मात्र त्याने महारथीच्या नाकात अजून बसलेल्या सहा सिलिंडरच्या धुडाकडे मान वळवली. वळवलीच.

“ताई,” तो म्हणाला, “हे मोठं माझ्या गाडीत मावलं असतं का?”

“चिमाजी, नंबर जाईल. निघा!”

“नाय, नुसतं इचारलं.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच्या हिशोबाने एकोणतिसाव्या, त्याचा फोन आला. मागे कालवा चालला होता. कुणी बाई ‘माझी पाटी वर घे रं’ म्हणून ओरडत होती, कोंबडं ओरडत होतं.

“ताई, नंबर लागला!” चिमाजी म्हणाला. “त्या बाबाला जागंवरून काढला. म्हणला, मी तर राखतच होतो. आता गाडी भरून पाड्यावर निघालो.”

“किती माणसं बसवलीत?”

“चौदा.”

“चौदा! जीपमध्ये? चिमाजी, दहाच्या वर नेता कसे तुम्ही?”

“आधी दहाच न्यायचो, ताई. खरं सांगतो.” त्याच्या आवाजात नवीनच ऐट होती, ती मी रविवारी माळावर ऐकली होती. “पन हे इंजिन लय वढतंय.”

“चार माणसं खाली उतरवा.”

“पुढच्या खेपेला.”

“आत्ता. मी फोन धरून आहे.”

बराच वेळ नुसता कालवा. मग पाट्या उतरल्याचा आवाज, कुणीतरी मला, न बघितलेल्या मला, अस्सल शिवी दिली, दार आपटलं आणि गाडी निघाली.